पाणी, बंदूक आणि नगराची सत्ता

कायद्यांत ४८ तासांची मुदत पुष्कळ ठिकाणीं येते आणि वाचणाराचें लक्ष तिच्याकडे फारसें जात नाहीं. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत ती दोन अगदीं भिन्न प्रकरणीं लागू झालेली पाहून आम्हांला तिच्याविषयीं दोन शब्द लिहावेसे वाटले. सन २०१५ च्या दुष्काळांत तेथील राज्य जलमंडळानें असा नियम केला कीं, मोजण्याजोगा पाऊस पडून गेल्यावर ४८ तासपर्यंत कोणीं आपल्या बागेला पिण्याचें पाणी देऊं नये. सन २०१८ मध्यें त्याच राज्यांतील मॉर्गन हिल नांवाच्या लहानशा शहराच्या नगरपरिषदेनें आपले शस्त्रविषयक नियम दुरुस्त करून असें ठरविलें कीं, ज्याची बंदूक चोरीस गेली किंवा हरवली त्यानें तें कळल्यापासून ४८ तासांच्या आंत पोलिसांना वर्दी द्यावी. एक नियम नळाचा, दुसरा बंदुकीचा. पण दोहोंच्या मुळाशीं एकच विचार आहे. नळ आपल्या अंगणांतला आणि बंदूक आपल्या कपाटांतली असली, तरी त्यांचा परिणाम कुंपणाच्या आंत राहत नाहीं; म्हणून शेजाऱ्याला त्या बाबतींत बोलण्याचा हक्क पोंचतो. तो हक्क गांवानें कोठवर बजवावा आणि वरच्या सरकारनें गांवाचा हात कोठें धरावा, हा खरा वादाचा विषय आहे.

मॉर्गन हिल हें सॅन होजे शहराच्या दक्षिणेस, सँटा क्लॅरा जिल्ह्यांत वसलेलें सुमारें ४५ हजार वस्तीचें गांव. नगराध्यक्ष व चार सभासद मिळून पांच जणांची त्याची नगरपरिषद. आमच्याकडील एखाद्या बऱ्यापैकीं तालुक्याच्या गांवाहून तें मोठें नाहीं. याच जिल्ह्यांत संगणकाच्या धंद्यानिमित्त गेलेलीं अनेक मराठी कुटुंबें घरें बांधून राहिलीं आहेत, तेव्हां तेथील नळाचे व बंदुकीचे नियम ही आमच्या वाचकांस केवळ परमुलखांतील गोष्ट वाटण्याचें कारण नाहीं. कित्येकांचे मुलगे, सुना व नातवंडें त्याच नियमांखालीं नांदत आहेत.

या गांवच्या नळांना जें पाणी येतें तें सारें विहिरींचें. तलावांतून आणि दुरून आणलेल्या पाण्यांतून जिल्ह्याचें जलमंडळ ओढ्यांत व पाझर तलावांत पाणी सोडतें, तें जमिनींत मुरतें आणि मग गांव तें विहिरींतून उपसतें. जमिनीखालची ही टांकी कोणा एकाच्या मालकीची नाहीं, हें त्या खोऱ्यानें फार महाग किंमत देऊन शिकलें आहे. सन १९१५ पासून १९७० च्या सुमारापर्यंत बागायतीसाठीं व वाढत्या वस्तीसाठीं इतका उपसा झाला कीं, सॅन होजे शहराच्या मध्यभागीं जमीनच सुमारें १३ फूट खालीं बसली. जलसंधारणासाठीं तेथील लोकांनीं सन १९२९ मध्यें स्वतंत्र मंडळ उभें केलें होतें. तरीही खचणारी भूमि सांवरण्यास पुढें चाळीस वर्षें लागलीं, व खचलेली जमीन कांहीं वर आली नाहीं. पुढें खुद्द मॉर्गन हिलांतच दुसरा धडा मिळाला. धोक्याची खूण म्हणून पेटवावयाच्या मशाली बनविणारा एक कारखाना तेथें सन १९५६ पासून १९९५ पर्यंत चालला होता. त्यांतील परक्लोरेट नांवाचें रसायन जमिनींत मुरत गेलें, आणि कारखाना बंद होऊन वर्षें लोटल्यावर दक्षिणेकडील शेंकडों खाजगी विहिरींच्या पाण्यांत तें सांपडलें. ज्यांनीं मशाल कधीं हातांत धरली नव्हती त्यांना बाटल्यांतून पाणी विकत आणून प्यावें लागलें.

अशा गांवाजवळचा मोठा तलाव सन २०२० मध्यें रिकामा करावा लागला. सन १९५० मध्यें बांधलेला अँडरसन तलाव हा जिल्ह्यांतील सर्वांत मोठा. परंतु मोठा भूकंप झाल्यास त्याचा बांध टिकणार नाहीं या भीतीनें केंद्रीय ऊर्जा नियामक मंडळानें तो उपसून टाकण्याचा हुकूम सोडला. बांधाच्या दुरुस्तीला वर्षानुवर्षें लागणार, आणि तलाव रिकामा होऊन वर्ष झालें नाहीं तोंच पावसानें ओढ दिली. तारीख ९ जून २०२१ रोजीं जिल्हा जलमंडळानें पाणीटंचाईची आणीबाणी जाहीर केली व सन २०१९ च्या मानानें १५ टक्के पाणी कमी वापरण्याची हांक दिली. पुढल्या वर्षीं शोभेच्या बागांना आठवड्यांतून दोन दिवसांहून अधिक पाणी देण्यास मनाई झाली, आणि कचेऱ्या व दुकानें यांच्यापुढें केवळ डोळ्यांस बरें दिसावें म्हणून राखलेल्या हिरवळीस पिण्याचें पाणी घालण्यास राज्य जलमंडळानें बंदी केली. सन २०२३ च्या कायद्यानें तर असल्या हिरवळीचें पिण्याचें पाणी क्रमाक्रमानें कायमचेंच तोडावयाचें ठरलें आहे. ज्या हिरवळीवर मुलें खेळत नाहींत आणि माणसें बसत नाहींत, जिच्यावर पाय पडतो तो फक्त ती कापणाराचा, तिच्यासाठीं विहीर उपसूं नये हें समजावयाला एवढीं वर्षें कां लागावींत, असें कोणी म्हणेल. पण रिवाज मोडणें हें विहीर खणण्याहून कठीण काम आहे, हें आमच्या सुधारकांना कोणी सांगावयास नको.

येथें नियमांच्या रचनेंतली एक खुबी आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. तारीख १ एप्रिल २०१५ रोजीं गव्हर्नर जेरी ब्राऊन हे सिएरा पर्वतांतील एका माळावर गेले. जेथें त्या दिवशीं पुरुषभर बर्फ असावयाचें तेथें सुकलेलें गवत होतें. त्या गवतावर उभें राहून त्यांनीं गांवोगांवच्या पाण्याच्या वापरांत २५ टक्के कपातीचा हुकूम जाहीर केला. त्याच हुकुमान्वयें नव्या बागांविषयींचा राज्याचा नमुना-नियम कडक करण्यांत आला. नव्या घराची बाग ५०० चौरस फूट वा अधिक असेल, तर तिला किती पाणी लागेल याचा हिशेब आधीं नगरपरिषदेपुढें ठेवावा लागतो. त्या हवेंत तितक्याच जागेंतली हिरवळ जितकें पाणी पिईल त्याच्या सुमारें ५५ टक्क्यांतच सगळी बाग बसवावी लागते. म्हणजे अंगणभर गवत लावण्याची हौस आपोआपच संपते. हा नियम राज्यानें गांवांवर नुसता लादला नाहीं. प्रत्येक नगरपरिषदेनें तारीख १ डिसेंबर २०१५ पर्यंत आपापला नियम करावा, तो राज्याच्या नियमाइतका तरी परिणामकारक असावा, त्याहून कडक असल्यास हरकत नाहीं. आणि ज्या गांवानें कांहींच केलें नाहीं त्याला राज्याचा नमुना आपोआप लागू व्हावा, अशी ही योजना होती. राज्यानें जमीन घालून दिली, छत घातलें नाहीं. आळशी गांवाला पळवाट राहिली नाहीं आणि उद्योगी गांवाला अडथळा झाला नाहीं.

तथापि पाण्याच्या बाबतींतही गांवाचा हात सर्वत्र मोकळा आहे असें मात्र नाहीं. याच एप्रिल महिन्यांत, गव्हर्नरांच्या हुकुमास तीन आठवडे होतात न होतात तोंच, दक्षिणेकडील सॅन वॉन कापिस्त्रानो या लहान शहराविरुद्ध अपील न्यायालयाचा निकाल लागला. जो अधिक पाणी वापरील त्याला चढता दर, अशी पट्टी त्या शहरानें बसविली होती. पाणीपट्टी सेवेच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक असूं नये असें कलम मतदारांनीं सन १९९६ मध्यें राज्यघटनेंत घातलें आहे. त्याच्या आधारें न्यायालयानें सांगितलें कीं, वरच्या पायरीचा दर त्या पाण्याच्या खर्चाशीं जुळतो हें शहरानें दाखविलेलें नाहीं, सबब तो बेकायदा. एका हातानें सरकार म्हणतें पाणी वांचवा, दुसऱ्या हातानें कायदा म्हणतो उधळणाराकडून दंडादाखल दर घेऊं नका. आम्ही या निकालास सर्वस्वीं चूक म्हणत नाहीं. पट्टी बसविणारानें हिशेब दाखविलाच पाहिजे, आणि ज्या व्यापाऱ्यानें आयुष्यभर कीर्द-खतावणी लिहिली आहे त्याला हें सांगावयास नको. परंतु यावरून एवढें दिसतें कीं, लहान गांवानें नुसता सद्धेतु बाळगून भागत नाहीं. वहीही चोख ठेवावी लागते.

आतां बंदुकीकडे वळूं. चोरलेली वा हरवलेली बंदूक पांच दिवसांच्या आंत पोलिसांस कळविली पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं नोव्हेंबर २०१६ मध्यें प्रत्यक्ष कौल देऊन केला. मॉर्गन हिलच्या पांच सभासदांनीं ही मुदत आपल्या हद्दीपुरती ४८ तासांवर आणली. जवळच्या सनीव्हेल शहराच्या मतदारांनीं तर सन २०१३ मध्येंच ४८ तासांचा नियम मंजूर केला होता, आणि घरांतील बंदूक कुलुपांत वा खटक्यास कुलूप लावून ठेवावी हेंही त्यांत घातलें होतें. मुदतीचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. चोरलेली बंदूक कपाटांत बसत नाहीं. ती हातोहात विकली जाते. पोलिसांना तिचा क्रमांक जितका लौकर मिळेल तितकी ती सांपडण्याची आशा अधिक. दुसरें कारण याहून खोल आहे. ज्याला कायद्यानें बंदूक घेतां येत नाहीं त्याच्यासाठीं दुसराच कोणी आपल्या नांवावर ती विकत घेतो, आणि पुढें त्या बंदुकीनें गुन्हा होऊन पोलीस दारीं आले म्हणजे तो म्हणतो, “ती तर माझी केव्हांच चोरीस गेली.” वर्दीची सक्ति असली म्हणजे हें उत्तर त्याला फुकट मिळत नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांना आम्ही विचारतों, चेकबुक हरवलें तर आपण बँकेंत कळविण्यास पांच दिवस थांबतां काय? त्याच दुपारीं धांवत जातां. मग ज्या वस्तूनें माणसाचा जीव जातो तिच्यासाठीं दोन दिवस पुरेसे नाहींत, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

असें म्हणणारे निघाले. एका रहिवाशानें आणि कॅलिफोर्निया रायफल अँड पिस्टल असोसिएशन या संस्थेनें मॉर्गन हिलवर दावा केला. राज्याच्या मतदारांनीं पांच दिवस ठरविले असतां एका लहान गांवानें ते दोन करणें म्हणजे राज्याचा कायदा मोडणें होय, असें त्यांचें म्हणणें. खालचें न्यायालय शहराच्या बाजूनें गेलें, आणि सन २०२२ मध्यें अपील न्यायालयानेंही तोच निकाल कायम केला. निकालाचा मथितार्थ साधा आहे. जो ४८ तासांत वर्दी देतो त्याच्याकडून पांच दिवसांचा कायदाही पाळला जातो. मग दोन कायदे एकमेकांच्या विरुद्ध आहेत असें कसें म्हणावें? राज्यानें कमाल नव्हे, किमान ठरविलें आहे. त्या राज्याच्या सन १८७९ च्या घटनेंत असें कलमच आहे कीं, राज्याच्या सामान्य कायद्यांस विरोध न करितां प्रत्येक नगराला आपल्या हद्दींत शांतता व आरोग्य यांविषयींचे नियम करण्याचा अधिकार आहे. पाण्याच्या बाबतींत जी गोष्ट सरकारनें आपण होऊन लिहून ठेविली, तीच बंदुकीच्या बाबतींत लहान गांवाला कोर्टाची पायरी चढून मिळवावी लागली.

मोठ्या सॅन फ्रान्सिस्को शहराला मात्र यश आलें नाहीं. तेथील मतदारांनीं सन २००५ मध्यें रहिवाशांना पिस्तूल बाळगण्याचीच बंदी केली, आणि सन २००८ मध्यें अपील न्यायालयानें ती रद्द केली. कारण बंदुकीचा परवाना व नोंदणी हें क्षेत्र राज्यानें सर्वस्वीं आपल्याकडे ठेविलें आहे. मोठ्या शहरानें मोठी उडी घेतली व ती फसली. लहान गांवानें तीन दिवस कमी केले आणि तें टिकलें. आमच्या मतें सुधारणेच्या कामीं या दोन निकालांचें शेजारीं शेजारीं वाचन करणें उपयोगाचें आहे.

अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत तर मॉर्गन हिलला हेंही करतां आलें नसतें. बंदुकीविषयीं गांवांनीं बोलूंच नये असे कायदे तेथें आहेत. फ्लोरिडा राज्यानें सन २०११ मध्यें असा नियम केला कीं, जाणूनबुजून असा स्थानिक नियम करणाऱ्या अधिकाऱ्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड व्हावा आणि त्याला पदावरूनही दूर करतां यावें. लोकांनीं निवडून दिलेल्या सभासदाला त्याच्या मताबद्दल दंड, हा प्रकार स्वराज्याच्या माहेरघरीं घडावा हें आम्हांला विस्मयकारक वाटतें.

या विरोधकांचें सगळेंच म्हणणें टाकाऊ आहे असें मात्र नाहीं. सॅन होजेहून मोटारींत बसलेला मनुष्य मॉर्गन हिलवरून गिलरॉयला जाईपर्यंत तीन गांवांच्या हद्दी ओलांडतो. प्रत्येक हद्दीला निराळा कायदा असेल तर त्यानें तो कोठें कोठें वाचावा? शिवाय ज्याचें घर फुटलें त्यालाच आरोपी करणें हें वरवर पाहतां क्रूर दिसतें. पहिल्या आक्षेपास उत्तर हें कीं, वर्दीचा नियम वाटसराच्या वाटेंत येत नाहीं. आणि जो त्वरेनें वर्दी देतो त्याला कोणत्याही गांवांत भीति नाहीं. दुसऱ्यास उत्तर हें कीं, शिक्षा चोरी झाल्याची नाहीं, गप्प बसल्याची आहे. तरी पण मुदतीची मोजणी तें कळल्यापासून सुरू व्हावी ही सवलत नियमांत आहे म्हणूनच आम्ही त्याचें समर्थन करतों. परगांवीं गेलेल्या माणसाला घर फुटल्याच्या घटकेपासून गुन्हेगार धरणारा नियम आम्हांला मान्य झाला नसता.

आणि जें या नियमानें होणार नाहीं तेंही स्पष्ट बोललें पाहिजे. नियम होऊन वर्षही झालें नव्हतें तोंच तारीख २५ जून २०१९ रोजीं मॉर्गन हिलांतच मोटारविक्रीच्या एका दुकानांत, नोकरीवरून काढलेल्या इसमानें दोघांना गोळ्या घालून ठार केलें. महिना उलटतो तों २८ जुलैस शेजारच्या गिलरॉय गांवच्या लसणीच्या जत्रेंत गोळीबार होऊन तिघे मृत्यु पावले, त्यांत दोन मुलें होतीं. गिलरॉयला चाललेली बंदूक नेव्हाडा या शेजारच्या राज्यांत रीतसर विकत घेतलेली होती. ती चोरलेली नव्हती, हरवलेली नव्हती; ४८ तासांचा नियम तिच्या वाटेंत कोठेंच उभा नव्हता. गांवाची वेस लहान असते आणि बंदूक मोटारींतून येते. हें दाखवून गांवच्या नियमांचा उपहास करणारे लोक आहेत. आम्हांला त्यांत उपहासाजोगें कांहीं दिसत नाहीं. एका विहिरीवर झांकण घातल्यानें दुसऱ्या विहिरींत पडणारा वांचत नाहीं, म्हणून पहिली उघडीच ठेवावी काय?

आमच्याकडे शस्त्रांचा प्रश्न नगरपरिषदेच्या कक्षेंत येतच नाहीं. इंग्रजांच्या सन १८७८ च्या शस्त्रकायद्यापासून तो वरच्या सत्तेच्या मुठींत आहे, आणि आजच्या राज्यघटनेंतही तो केंद्राच्या सूचींत आहे. बंदूक हरवली वा चोरीस गेली तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत कळवावें, ही आमच्याकडे परवान्याचीच अट असते. म्हणून या अंगानें मॉर्गन हिलकडून शिकण्यासारखें आम्हांस थोडें आहे. सन २०१९ च्या दुरुस्तीनें लग्नांतल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली, हें ठीकच झालें.

पाण्याचें मात्र तसें नाहीं. पाणी आणि गांवची शांतता हे दोन निरनिराळे विषय आहेत असें ज्याला वाटत असेल त्यानें सन २०१६ चें लातूर आठवावें. त्या वर्षींच्या मार्च महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांना पाण्याच्या टांक्या, विहिरी व टँकर भरण्याच्या जागा यांच्याभोवतीं पांचांहून अधिक लोकांनीं जमूं नये असा जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. आणि एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. दंगलीच्या वेळीं वापरावयाचें कलम घागर घेऊन आलेल्या बायाबापड्यांना लावण्याची पाळी आली. त्या अधिकाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. त्या घटकेस त्यांच्या हातीं दुसरें साधन उरलें नव्हतें. साधन होतें तें आधींच्या पंधरा-वीस वर्षांत, आणि तें अधिकाऱ्याच्या हातांत नव्हे, नगराच्या हातांत.

आमच्या नगरपरिषदांना सन १९६५ च्या अधिनियमान्वयें उपविधी करतां येतात, पण ते सरकारच्या मंजुरीवांचून अमलांत येत नाहींत. कित्येक ठिकाणीं तर सन २०२२ च्या सुमारापासून डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत निवडून आलेले सभासदच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. आतां सभासद आले आहेत. त्यांच्यापुढें आम्ही एक लहानसें काम ठेवितों. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणें ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास पावसाचें पाणी सांठविण्याची वा मुरविण्याची सोय सक्तीची आहे. नकाशावर ती सोय सर्वांनीं दाखविली आहे, नाहीं तर परवानगी मिळाली नसती. सन २०२० नंतर आपल्या गांवांत परवानगी मिळालेल्या अशा इमारतींची यादी सभासदांनीं बांधकाम खात्याकडून मागून घ्यावी, आणि जूनमधील पहिल्या मोठ्या पावसांत ती हातीं धरून दहा गच्च्यांचे पन्हाळे पाहून यावे. पन्हाळ्याचें तोंड खड्ड्यांत उतरतें कीं गटारांत, एवढेंच पाहावयाचें आहे. छत्री घेऊन अर्ध्या दिवसाचें हें काम. आणि ती यादी मागण्यास मुंबईच्या मंजुरीची गरज नाहीं.